'लॅपटॉपची रॅम ४ जीबीची ८ जीबी करतो सांगून फसवलं' या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुमच्या २ स्टारमागे चार गोष्टी आहेत: रॅम अजून ३.७ जीबीच दिसते, स्वॅप (रॅम कमी पडली की डेटा हलवायची जागा) २.३ जीबी भरलेला दिसतो, बरेच टॅब उघडले की लॅपटॉप अडकतो आणि हायबरनेट (उघडं काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद करणं) बंद झालं. शेवटची चूक सरळसरळ आमची, म्हणून ती आधी.

तुमच्या लिनक्सवर झेडरॅम (रॅमच्याच एका भागात डेटा दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, ठेवणारा स्वॅप) चालू करताना आम्ही हार्ड डिस्कवरचं स्वॅप पार्टिशन उडवलं. झेडरॅम राहतो रॅममध्येच, वीज गेली की तोही गेला. त्यात हायबरनेट होणार कुठून? ४ जीबीचं पार्टिशन परत करून, त्याची प्रायॉरिटी झेडरॅमच्या खाली ठेवून, ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) 'रिझ्यूम'ला त्याचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) द्यावा लागेल. याचे पैसे नाहीत.

रॅमचा आकडा मात्र कशानेच वाढणार नव्हता. काउंटरवर कुणी 'दुप्पट होईल' म्हणालं असेल तर ते चूकच. (४ ऐवजी ३.७ दिसतं कारण थोडी रॅम ऑनबोर्ड ग्राफिक्सने आधीच राखून ठेवलेली असते.)

भरलेला स्वॅप हा बिघाड नाही. सध्या न लागणारी ४ केबीची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दाबून रॅमच्याच एका भागात ठेवतो. तुम्ही टाकलेल्या 'झेडरॅमसीटीएल' (झेडरॅमची स्थिती दाखवणारी कमांड) च्या फोटोतच उत्तर आहे: डेटा २.३ जीबी, कॉम्प्रेस्ड ६४० एमबी, टोटल ६९० एमबी. म्हणजे सुमारे १.६ जीबी जागा मोकळी झाली. टोटल हाच खरा खर्च, तोच बघा.

आता अडकण्याबद्दल. झेडरॅममध्ये जातो तो प्रोग्रॅमने चालताना तयार केलेला डेटा. ब्राउझरचा कोड फाइलमधून आलेला असतो, तो दाबला जात नाही. जागा कमी पडली की कर्नल ती पानं टाकून देतो आणि लागली की डिस्कवरून पुन्हा वाचतो. तुमची डिस्क फिरती आहे, म्हणून लाइट सतत पेटलेला आणि माउस थिजलेला. 'स्वॅपिनेस' (कर्नलने स्वॅप किती वापरायचा ते ठरवणारा आकडा) आम्ही मूळच्या ६० वरच सोडला होता. तो आकडा डिस्कवरच्या स्वॅपसाठी ठीक. झेडरॅमला १५० च्या आसपास हवा, म्हणजे कोड फेकण्याआधी कर्नल डेटा दाबेल. कर्नल ५.८ पासून ही मर्यादा २०० आहे. सोबत 'पेज-क्लस्टर' (स्वॅपमधून एका वेळी किती पानं आणायची ती सेटिंग) ३ वरून ०, नाहीतर एक पान मागितलं तरी शेजारची मिळून ८ (२ × २ × २) उलगडली जातात. आणि झेडस्वॅप (स्वॅपकडे जाणारी पानं आधी रॅममध्ये दाबून ठेवणारी वेगळी सोय) बंद, कारण तो चालू राहिला तर झेडरॅमकडे निघालेली पानं वाटेतच अडवतो.

तुमच्या नातेवाइकांचा झेडरॅम १२ जीबी करायचा सल्ला कृपया ऐकू नका. ३:१ दाबलं गेलं तरी १२ जीबीला ४ जीबी लागतात, म्हणजे तुमची सगळी रॅम. शिवाय आधीच दाबलेला किंवा एन्क्रिप्ट केलेला डेटा आकसत नाही. तशी पानं जशीच्या तशी ठेवावी लागतात. झेडरॅम ४ जीबीच राहू द्या.

एवढं करूनही ३० टॅब आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालणार नाहीत. तुमच्या मॉडेलला दुसरा स्लॉट रिकामा आहे. त्यात ४ जीबीची डीडीआर३एल (कमी व्होल्टची) रॅम स्टिक बसेल. बाहेरून घेतलीत तर १.३५ व्होल्टची बघून घ्या, जुनी १.५ व्होल्टची लावली तर बोर्ड चालूच न होण्याची शक्यता आहे. येताना चार्जर आणा.