उभ्या उभ्या

डोंबिवलीहून सकाळच्या जलद गाडीत घुसून घाटकोपरपर्यंत एका पायावर, आणि तोही बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी पायावर, उभ्याने आलेल्या माणसाला ऑफिसात पोहोचताच पुन्हा उभे करण्यात कोणते शहाणपण आहे, हे बारा वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढूनही मला उमगलेले नाही. आमच्या धंद्यात रोज उभ्याने घ्यायच्या या छोट्या बैठकीच्या विधीला 'स्टँड-अप' म्हणतात. बसली की माणसे पाल्हाळ लावतात आणि उभी ठेवली की पाय दुखू लागून बोलणे आटोपते घेतात, असा त्यामागचा विचार आहे. तो ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याने मध्य रेल्वेने प्रवास केलेला नसावा. कारण उभ्या माणसाने डोंबिवली ते घाटकोपर श्वास न घेता शेअर बाजारावर बोलावे, हे आम्ही रोज पाहतो.

आमची टीम काम छोट्या छोट्या टप्प्यांत उरकण्याच्या ज्या 'स्क्रम' पद्धतीने चालते आणि स्टँड-अप हा जिचा एक भाग आहे, तिचे नाव रग्बीतून आले आहे. त्या खेळात दोन्ही संघ डोकी खाली घालून आणि खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ साली, नव्या वस्तू घडवणाऱ्या संघांना रग्बीची उपमा दिली आणि पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी ती उचलली. ही पद्धत शिकवण्यासाठी आमच्याकडे दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. डोंबिवलीकरांना त्यातून सूट मिळायला हरकत नव्हती.

काल काय केले, आज काय करणार आणि अडचण काय, हे स्टँड-अपमधले तीन प्रश्न, आणि वेळ १५ मिनिटे. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेने २०२० सालच्या आवृत्तीत हे तीन प्रश्न वगळले. आमच्याकडे मात्र ते आरतीसारखे तोंडपाठ झालेले असल्यामुळे चालूच आहेत. लांबणही आरतीसारखीच लागते. संपत आले असे वाटून सगळे निघण्याच्या बेतात असतात, तेवढ्यात कोपऱ्यातला कोणीतरी आणखी एक उचलतो.

माझी खरी पंचाईत पहिल्याच प्रश्नावर होते. मध्यंतरी आमच्या प्रणालीत एक विचित्र तक्रार आली की काही ग्राहकांची जन्मतारीख एक दिवस मागे दिसते. आमच्याकडे प्रत्येक कामाच्या नोंदीला 'तिकीट' म्हणतात. हे तिकीट माझ्या नावावर फाडण्यात आले. तक्रारदारांत १ जूनला जन्मलेले फार निघाले, म्हणून आधी मी त्या तारखेच्याच मागे लागलो. नंतर लक्षात आले की त्यांचा दोष एवढाच, की शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांना सरसकट १ जून बहाल केली, अशी माणसे महाराष्ट्रात मुळातच भरपूर आहेत. माझे वडील त्यांपैकीच एक. खरी भानगड घड्याळाची होती. आमचा कोड जन्मतारीख मध्यरात्रीच्या ठोक्यासह साठवत होता आणि साठवताना ती जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे साडेपाच तास मागे नेत होता. त्यामुळे १ जूनची मध्यरात्र ही ३१ मेची संध्याकाळ, साडेसहाची वेळ, होऊन बसत असे, आणि पुढच्या पडद्यावर वेळ गाळून नुसती तारीख दाखवली जाई. हे हुडकायला मला पुरते दोन दिवस लागले. दुरुस्ती एका ओळीची होती.

आता हे उभ्या उभ्या कसे सांगावे? मी म्हणालो, "तारखेची एक ओळ बदलली." मॅनेजरसाहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "दोन दिवसांत एकच?" माझ्यानंतर ज्याची पाळी होती, त्याने आदल्या दिवशी एक सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला होता. पण त्याने सर्व्हरची लक्षणे, स्वतःच्या शंका, टाळलेले धोके आणि बटण दाबतानाची मनःस्थिती अशा क्रमाने सात मिनिटे निरूपण केले, आणि शेवटी दोघांनी चक्क टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मी कामाइतकाच वेळ कामाच्या वर्णनाला देतो. वार्षिक मूल्यमापनात फरक जाणवतो, हे कबूल केले पाहिजे.

पुढे काम रखडले म्हणून पाचांच्या टीमचे नऊ जण करण्यात आले. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसे वाढवली की ते आणखी उशिरा होते, हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले आहे. हिशेबही सोपा आहे: पाच जणांत आपसात बोलणाऱ्या जोड्या १० होतात, नऊ जणांत ३६. तिघांच्या बाकावर चौथा बसला की काय होते, हे लोकलमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथे तर बाकच नव्हता. स्टँड-अप पाऊण तासावर गेला.

परवा गाडी रखडली आणि दहाच्या ठोक्याला मी अजून घाटकोपरच्या पुलावर, मेट्रोकडे सरकणाऱ्या गर्दीत होतो. कानात यंत्र अडकवून तिथूनच हजेरी लावली. माझी पाळी आली, मी आवाज चालू केला, आणि नेमका त्याच क्षणी टी.सी. पुढ्यात येऊन म्हणाला, "तिकीट?"

"पास आहे," मी म्हणालो.

"पास? वा!" कानात मॅनेजरसाहेबांचा आवाज आला. "सगळ्या टेस्ट पास? मग आज संध्याकाळीच लाइव्ह करू या." मागून टाळ्याही ऐकू आल्या. सर्व्हरवाल्याच्याच असाव्यात.

मी खुलासा करायला तोंड उघडले, तोच टी.सी.ने पास उजेडात धरला आणि शांतपणे सांगितले, "साहेब, हा कालच संपलाय." मी मनातल्या मनात साडेपाच तास मागे जाऊन पाहिले. जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटेचे साडेचार वाजत होते; तारीख मात्र तिथेही आजचीच होती.