डिचोलीच्या वाचकांना उत्तर: माझी तक्रार गाडीच्या हुशारीबद्दल नाही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून चार ओळींत न गुंडाळता उत्तर वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या सेकंडहँड जर्मन गाडीने या पावसाळ्यात काय काय दिवे लावले (डॅशबोर्डवर, अक्षरशः), ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ऐपत नसताना लक्झरी गाडी घ्यायची, ती गल्लीतल्या गॅरेजला दाखवायची आणि मग कंपनीच्या नावाने खडे फोडायचे. वर हेही, की ही इलेक्ट्रॉनिक्स आहेत म्हणून अपघातात माणसं वाचतात.

शेवटच्या मुद्द्यावर आपलं भांडण नाहीच. अनमोडच्या घाटात, पावसात, वळणावर मागची चाकं सरकली तर ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते. हे आपल्या पायाला कधीच जमणार नाही, पेडल एकच असतं. १९९५ साली ती मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली तेव्हा चैन वाटली असेल, आज ती गरज आहे. त्यासाठी सेन्सर, वायरी, कंप्युटर लागणारच. त्याविरुद्ध मी एक अक्षर लिहिलेलं नाही. मी लिहिलं ते या सगळ्याच्या मांडणीबद्दल. उद्या कुणाला तरी हे उघडावं लागणार आहे, याचा विचार मांडणी करताना झालेलाच दिसत नाही.

माझ्याच गाडीचं घ्या. सनरूफ पाणी पूर्ण अडवतं असा आपला समज असतो. तसं नसतं. काचेच्या कडेने थोडं पाणी आत येणार हे धरूनच चौकटीत पन्हळ केलेली असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली सोडलेल्या असतात. नळीचं तोंड करंगळीएवढंही नसतं. आता आपल्याकडे गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आणि गाडी उभी कुठे? माडाखाली लावली तर नारळ पडेल, म्हणून आंब्याखाली. मोहोर, पानं, धूळ असं सगळं त्या नळीत जाऊन बसलं आणि पाणी छताच्या अस्तरामागून थेट पायाखाली आलं.

बरं, वरून गालिचा कोरडा. त्याच्या खालचा फोम मात्र पाणी पिऊन बसलेला, आणि त्या फोमच्या शेजारीच, सीटखाली, दारं-काचा-लॉक सांभाळणारं मॉड्यूल. गाडीतली सगळ्यात सखल जागा शोधून तिथे कंप्युटर ठेवायची ही रीत अनेक युरोपीय गाड्यांत आहे. फोक्सवॅगनच्या जुन्या पासाटमध्ये तर हे दुखणं जगभर प्रसिद्ध होतं. मग रात्री काचा आपोआप खाली, सकाळी बॅटरी उतरलेली.

डीलरच्या वर्कशॉपने अंदाजपत्रक दिलं: नवं मॉड्यूल, त्याचं कोडिंग (म्हणजे ते या गाडीशी जुळवून घेणं), वायरिंगचा अख्खा संच. नळी साफ करायची ओळ त्यात नव्हती. म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नवं मॉड्यूलही पुढच्या पावसात त्याच डबक्यात बसलं असतं.

फोंड्याच्या ज्या गॅरेजला तुम्ही गल्लीतलं म्हणता, तिथल्या मेकॅनिकने आधी गालिचा उचलला आणि फोमवर तळवा दाबला. बोटांमधून पाणी वर आलं. कनेक्टर ओढून काढला, त्याच्या पिना हिरव्या झालेल्या. त्याने गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घेतली आणि ती वरून हळूहळू नळीत सरकवत नेली. कॉम्प्रेसरची हवा मारली नाही. जोराच्या हवेने नळी आतल्या आत सांध्यातून सुटते आणि मग खांबाचं अस्तर उतरवावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. पिना साफ केल्या, फोम उन्हात वाळवला. ते मॉड्यूल अजून चालू आहे.

तरी त्याचे हात बांधलेले असतात, आणि ते त्याच्या अज्ञानामुळे नव्हे. अशा बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी बसवली की ती बदलल्याचं गाडीला स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कंप्युटरला जोडायच्या यंत्राने, कळवावं लागतं, नाहीतर गाडी तिला जुनी समजूनच चार्ज करत राहते. हे कळवायचं साधन कुणाकडे असावं, हा खरा वाद आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला तो याचसाठी. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळत नव्हती. त्या यादीत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज होत्या तशाच मारुती, टाटा, महिंद्रही होत्या. प्रकरण पुढे अपिलात गेलं. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण आमच्या मेकॅनिकला त्याचा स्कॅनर अजून स्वतःच्या खिशातूनच घ्यावा लागतो.

आता ऐपत. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि तिथल्या गाड्या स्वस्तात देशभर पांगल्या. म्हापशात, मडगावात फिरणाऱ्या काही त्याच. घेणारा चूक करतो असं तुम्ही म्हणता. पण पहिल्या मालकाकडेही पाहा ना. वॉरंटी संपत आली की तो गाडी काढायला बघतो, आणि किंमत धाडकन पडलेली असते. का पडते? पुढे काय वाढून ठेवलंय ते बाजाराला माहीत असतं. म्हणजे ज्याची ऐपत आहे तोही भरतोच, फक्त गॅरेजात न भरता विकताना भरतो.

बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपा वेळेवर हलवणारी साखळी) मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती झिजायची हे सर्वज्ञात. चेन बदलायची तर गिअरबॉक्स तरी उतरवा नाहीतर इंजिन तरी बाहेर काढा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. इथे ऐपत आहे की नाही हा प्रश्नच येत नाही, चेन तिथे का ठेवली हा येतो.

नव्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांतल्या) डिझेल गाड्यांबद्दल तुम्ही विचारलंय, तर थोडक्यात: रोजचं जाणं पणजी ते रायबंदर एवढंच असेल तर घेऊ नका. धूर गाळणाऱ्या डीपीएफला आतली काजळी जाळायला बराच वेळ सलग वेग लागतो. आपलं अख्खं राज्य उत्तर-दक्षिण १०५ किलोमीटर, आणि त्यातही मध्ये म्हापशाचं ट्रॅफिक.

तुमच्याकडे याच वर्गातली गाडी आहे आणि तिला काहीही झालेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. फार बरं. मृग लागायच्या आत एकदा सनरूफ उघडून पन्हळीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत पेलाभर पाणी हळूहळू ओता. मॉडेलप्रमाणे ते पुढच्या दाराच्या बिजागरीपाशी किंवा चाकाच्या मागे जमिनीवर ठिबकायला हवं. नाही ठिबकलं तर कळवा, फोंड्याच्या मेकॅनिकचा नंबर देतो. रविवारी तो बंद असतो.