सगळं असतं, वाचणारं मूल तेवढं नसतं

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांसाठी वाचनावर परिषद भरवायची आणि अख्ख्या दिवसात एकही मूल वाचताना दाखवायचं नाही, हे अजून किती वर्षं चालणार आहे? मुलांना हॉलमध्ये आणून बसवा असं कुणीच म्हणत नाही. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग तरी लावा! एक मूल, एक ओळ, ते कुठे अडलं आणि बाईंनी पुढे काय केलं. एवढं बघायला मिळणार असेल तर सुट्टीचा दिवस मी आनंदाने देईन. पण नाही. बॅनर असतो, बॅग मिळते, पेन मिळतं, स्वागताच्या भाषणांत सकाळ जाते आणि मग पाहुणे उभे राहून सांगतात की तुम्ही उद्याची पिढी घडवता. माहीत आहे हो. म्हणूनच तर आलोय. पुढे बोला ना!

पुढे काही येतच नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचं सांगते. बाराखडी तिला तोंडपाठ आहे, घडाघडा म्हणते. पण पुस्तकात 'मुलगा' आला की ती 'मु'वर थांबते आणि तोंडातल्या तोंडात म, मा, मि, मी करत 'मु'पर्यंत पोचते. मग ल. मग पुन्हा ग, गा. शब्द संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. एक वाक्य वाचून ती इतकी दमते की त्यात काय सांगितलंय हे तिला विचारवत नाही. तिच्या शेजारचा मुलगा 'पिन' वाचताना आधी वेलांटीवर बोट ठेवतो, कारण ती 'प'च्या आधी दिसते आणि उच्चारायची मात्र 'प'च्या नंतर. 'सूर्य'मधला रफार बसतो 'य'च्या डोक्यावर आणि वाचायचा 'य'च्या आधी. आमचा रोजचा दिवस यातच जातो. या गोष्टींवर एक धड सत्र आजवर एकाही परिषदेत माझ्या वाट्याला आलेलं नाही.

मिळतात त्या इंग्रजी वाचनाच्या उचललेल्या स्लाइड्स. इंग्रजीची अडचण वेगळी आहे. तिथे अक्षरं २६, ती लवकर पाठ होतात, पण एकाच अक्षराचे आवाज शब्दागणिक बदलतात आणि मूल तिथे गोंधळतं. देवनागरीत चिन्ह दिसलं की उच्चार बहुतेक वेळा ठरलेला; पण प्रत्येक व्यंजनाची बाराखडीतली बारा रूपं आणि वर जोडाक्षरं, म्हणजे शेकडो आकार नजरेत बसावे लागतात. त्याला एक वर्ष पुरत नाही. मग पहिलीच्या अखेरीस मूल अस्खलित वाचत नाही म्हणून शिक्षकाला उभं करून जाब का विचारता? जोडाक्षरांचं काय करायचं, असं एका सत्रात मी विचारलं. तज्ज्ञ म्हणाले, तत्त्व तेच आहे, तुम्ही तुमच्या भाषेला लावून घ्या. अहो, लावून घ्यायचं कामच अवघड आहे! ते आम्ही रात्री घरी बसून करायचं असेल तर तुम्ही मंचावर कशासाठी आलात?

आणि जे चुकीचं ठरलंय ते तरी सांगू नका. दृश्य शिकणारं मूल, श्राव्य शिकणारं मूल, कृतीतून शिकणारं मूल, ही स्लाइड अजून मरत नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासून स्पष्ट लिहिलं की मुलाच्या अशा शिकण्याच्या शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही. पण ऐकणारे शिक्षक विश्वास ठेवतात, परत जाऊन वर्गाचे तीन गट पाडतात, आणि 'श्राव्य' ठरलेल्या मुलाला गोष्टी ऐकवत बसतात. ज्याला छापील अक्षरांचा सराव सगळ्यात जास्त हवा होता, नेमकं तेच पोर पुस्तकापासून लांब राहतं. याचं नुकसान कोण भरून देणार? स्लाइडवाले तर केव्हाच पुढच्या परिषदेला गेलेले असतात.

एका वर्षी सगळं उच्चार आणि अक्षरओळख यावर, दुसऱ्या वर्षी ते सगळं विसरा आणि आनंददायी वाचन धरा. जणू दोन्हींचं वैर आहे. वाचनाचे अभ्यासक गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्येच साधं सूत्र मांडलं होतं: वाचून समजणं म्हणजे छापील शब्द उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही. दोन्हींतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. दर वर्षी एकाच बाजूने ओढायचं आणि वर आम्हाला म्हणायचं की शिक्षक बदलायला तयार नसतात!

सगळ्यात जास्त राग याचा येतो की अशा भाषणांनी वर्ग बदलत नाही हे परिषदा भरवणाऱ्यांच्याच क्षेत्रात कधीचं माहीत आहे. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० मध्ये लिहिलं होतं की नुसतं ऐकवून भागत नाही. करून दाखवावं लागतं, सराव द्यावा लागतो, चुका सांगाव्या लागतात आणि नंतर वर्गात सोबत राहावं लागतं. २०१८ मध्ये शिक्षण-संशोधक मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी ६० अभ्यास एकत्र केले, तेव्हाही वर्गात येऊन मार्गदर्शन केल्याने शिकवणं सुधारतं आणि मुलांच्या निकालातही फरक पडतो असंच दिसलं. तरी आमच्या वाट्याला काय? टाळ्या वाजवून ताजंतवानं होण्याचे खेळ, चार्टपेपर आणि रंगीत पेनं.

अभिप्रायाचा फॉर्म तर शेवटच्या सत्राच्या आधीच हातात येतो. तो भरल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. हॉल कसा होता, आवाज नीट येत होता का, वक्त्यांची मांडणी कशी वाटली. सोमवारी वर्गात काय वेगळं करणार, हा प्रश्नच नाही. तीन महिन्यांनी फोन करून कुणी विचारतही नाही.

पुढच्या वेळी आम्हाला आमच्या मुलांच्या श्रुतलेखनाच्या वह्या आणायला सांगा. चार-चार जण बसवा, चुका काढा, या चुकीमागे मुलाने काय विचार केला असेल ते एकत्र शोधू. वेलांटी आणि रफार कसा शिकवता ते करून दाखवा, मग आमच्याकडून करवून घ्या. आणि महिन्याभराने माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसा, माझं काय चुकतंय ते तोंडावर सांगा. मला वाईट वाटणार नाही. हे जमत नसेल तर आम्हाला बोलावू नका.