तुमच्या जिल्ह्यात विमानतळ होयो काय?

मग आधी एक सडा शोधा. जांभ्याचा, सपाट, मे महिन्यात तव्यासारखा तापणारा. आम्हाला सिंधुदुर्गात तो परुळ्याशेजारी चिपीला सापडला. ज्यांच्या जमिनी घ्यायच्या, त्यांना विकासाचा शब्द द्या. शब्दाला सातबारा लागत नाही.

धावपट्टी अडीच हजार मीटरची आखा. पुढे उपयोग झाला नाही तरी आकडा भाषणात शोभतो.

उद्घाटनात मात्र हात आखडता घेऊ नका. 2018 साली चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे चाचणीचं विमान उतरलं आणि त्यातून साक्षात गणपती आले. म्हणजे बाप्पा विमानाने आणि चाकरमानी एसटीच्या मागच्या सीटवर. मग मार्च 2019 मध्ये रीतसर उद्घाटन. फीत कापली, टाळ्या झाल्या. फक्त प्रवासी विमान तेवढं नव्हतं, पण ते काय, मागाहून येतंच. मागाहून म्हणजे 9 ऑक्टोबर 2021 ला आलं. तोवर जुनं उद्घाटन शिळं झालेलं, म्हणून पुन्हा एक. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि त्यांचे कट्टर विरोधक नारायण राणे एकाच व्यासपीठावर! जिल्हा श्वास रोखून बसला होता, विमानासाठी नव्हे, दोघं काय बोलतात ते ऐकायला. दोघांनीही निराश केलं नाही. सावंतवाडीपासून देवगडपर्यंत आठवडाभर तोच विषय. वेळापत्रक कुणी विचारलं नाही.

नाव थोर माणसाचंच सुचवा. आम्ही बॅरिस्टर नाथ पै यांचं सुचवलं. ते हयात नाहीत, त्यामुळे त्यांना तिकीट काढायला लागत नाही.

तिकीट अडीच हजारांच्या आसपास ठेवा. उडान योजनेत तोटा सरकार भरून देतं, तीन वर्षं. चौथ्या वर्षी काय, असं विचारणारा विकासविरोधी समजावा. आमची तीन वर्षं 2024 च्या ऑक्टोबरात भरली आणि मुंबईचं विमान गेलं. दरम्यान पलीकडे गोव्यात, बांद्यापासून हाकेच्या अंतरावर, मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरूही झाला होता. आता सावंतवाडीचा माणूस विमान पकडायला दुसऱ्या राज्यात जातो.

आणि शेवटची सूचना: पुण्यात साडू ठेवू नका.

2025 च्या मे महिन्यात म्हापणला लग्न होतं. कोकण रेल्वेची वेटिंग लिस्ट हलेना, म्हणून आम्ही डोंबिवलीहून रात्री गाडी काढली. 2011 पासून रुंद होत असलेला तो महामार्ग माणगावला आमच्यासाठी थांबला होता. कोलाडला उलटी, संगमेश्वरला पंक्चर. सोळा तासांनी मांडवात पोचलो, तेव्हा वऱ्हाडी जेवून पानाला चुना लावत होते. साडू मात्र इस्त्री न मोडलेल्या शर्टात. पुण्याचं विमान त्याला मिळालं होतं. म्हणतो, "अहो, तुमच्याकडे तर विमानतळ आहे. विमानाने का नाही आलात?"

काय सांगू त्याला? या जिल्ह्याचं अर्धं घर मुंबईत राहतं, आणि मुंबईचंच विमान नाही, हे सांगू? चिपीच्या सड्यावर काजूची झाडं गेली त्यांच्या घरात लग्न होतं, आणि त्यांचा मुलगाही माझ्याच मागे, माणगावच्याच रांगेत होता, हे सांगू?

आता उपरोध राहू दे बाजूला. श्रेयासाठी दोन-दोनदा फिती कापल्यात ना? मग विमान गेलं त्या दिवशी कुठे होता सगळे? तेव्हा एकाचाही बॅनर नाही लागला, "आमच्यामुळे बंद झालं" म्हणून. आणि आपण? उद्घाटनाला आंब्याची पेटी सोडून गेलो, टर्मिनलसमोर सेल्फी काढले, व्हॉट्सअ‍ॅपवर "कोकणचा कॅलिफोर्निया झाला" म्हणून फिरवलं. मीही फिरवलं होतं. चौथ्या वर्षाचं काय, हे आपल्यातल्या एकानेही, उद्घाटनाच्या मांडवात माईक हातात आला असतानाही, विचारलं नाही.

चतुर्थीची गाडी बुक केलीय. रात्री अकराला निघणार, माणगावला पहाटे.