ज्यांच्याकडून मी केटी घेतली

20 सप्टेंबर 2025 च्या शनिवारी अमेरिकेतली ती बातमी आपल्याकडे पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी, सर्वपित्री अमावास्येच्या जेवणाला इंदूरच्या रामबागेत चुलतभावाच्या घरी जमलो, तेव्हा पंगतीत दुसरा विषयच नव्हता. एच-1बी, म्हणजे कुशल कामासाठी परदेशी माणसाला मिळणाऱ्या अमेरिकी व्हिसाच्या नव्या अर्जावर 1 लाख डॉलर शुल्क, म्हणजे त्या दिवसांच्या दराने जवळजवळ 88 लाख रुपये. इंदूरच्या मराठी घरांतून एखादे तरी मूल तिकडे गेलेले असतेच, त्यामुळे काळजी खरी होती. पण बोलणे हळूहळू ‘त्यांना आपली हुशार मुले नकोत’ या एकाच वाक्यावर येऊन थांबले, आणि ते मला पटले नाही. मी स्वतः 2011 ते 2014 या काळात त्याच व्हिसावर ओहायोमध्ये नोकरी केली आहे. बाहेरून आलेले लोक आमच्या नोकऱ्या घेतात, ही तिथल्या तंत्रज्ञांची तक्रार निव्वळ द्वेषातून आलेली आहे, असे मी म्हणू शकत नाही, कारण त्या तक्रारीचा एक भाग मी स्वतः होतो.

क्लायंट विमा व्यवसायातला होता. मला तीन महिन्यांत केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, जुन्या माणसाकडून काम समजून घेणे, पूर्ण करायचे होते. ज्यांच्याकडून ते घ्यायचे ते गृहस्थ पन्नाशीचे होते आणि एकोणीस वर्षे ती बिलिंगची प्रणाली सांभाळत होते. कोबोल या जुन्या संगणकभाषेत लिहिलेली, रात्री साठलेली कामे एकगठ्ठा उरकणारी ती प्रणाली महिनाअखेरीला कुठे अडते, अडली की कोणता जॉब आधी थांबवायचा आणि कोणता मुळीच थांबवायचा नाही, हे कुठल्याही दस्तऐवजात नव्हते. ते त्यांच्या एका वहीत होते, आणि ती वही त्यांनी पान पान उलगडून मला समजावून सांगितली. मला वाटले होते की त्यांची दुसऱ्या प्रकल्पावर बदली होत असेल. दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच सांगितले की त्यांच्या विभागातल्या सगळ्यांची नोकरी जाणार आहे, आणि केटी पूर्ण केली तरच निरोपाची रक्कम मिळणार आहे. त्यांनी आवाज चढवला नाही. मीही काही बोललो नाही. पुढे ते काम माझ्याकडेही राहिले नाही. दीड वर्षात त्यातले बहुतेक भारतातल्या टीमकडे आले.

हे सगळे कायद्याला धरून होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. 1990 च्या कायद्याने हा व्हिसा सुरू झाला. आज वर्षाला 65,000 व्हिसा आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी 20,000, अशी त्याची मर्यादा आहे. स्थानिक माणसाला काढून त्याच्या जागी व्हिसाधारक बसवायचा नाही, ही अट सगळ्या कंपन्यांना लागूच नाही. ज्या कंपन्यांच्या मनुष्यबळात एच-1बीवाल्यांचे प्रमाण मोठे आहे, त्यांच्यावर 1998 मध्ये ती घातली गेली; पण त्याच कायद्यात अशी सवलतही ठेवली गेली की व्हिसाधारकाला वर्षाला 60,000 डॉलर दिले किंवा तो मास्टर्स झालेला असला, तर ती अट सुटते. तो आकडा तेव्हापासून एका डॉलरनेही वाढलेला नाही. महागाई धरली तर आज तो जवळजवळ दुप्पट असायला हवा होता. माझा पगार 66,000 होता. त्या वेळी मला तो माझ्या गुणांचा मोबदला वाटला होता.

वेतनस्तरांची गोष्टही अशीच आहे. अर्जाआधी कंपनीला श्रम खात्याकडे एलसीए, म्हणजे कामाच्या अटींचा अर्ज, भरावा लागतो आणि ‘प्रचलित वेतन’ देऊ, असे लिहून द्यावे लागते. हे ऐकायला न्याय्य वाटते. पण अनुभव आणि जबाबदारीनुसार त्याचे चार स्तर आहेत, आणि त्या भागातल्या त्याच कामाच्या शंभर माणसांना पगाराच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर पहिला स्तर साधारण सतराव्या माणसाचा आणि दुसरा चौतिसाव्याचा पगार धरतो. मधल्या माणसाचा पगार तिसऱ्या स्तरावर येतो. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेच्या 2020 च्या अहवालात दिसले की मंजूर झालेल्या एच-1बी जागांपैकी 60 टक्के जागा पहिल्या दोन स्तरांवरच होत्या.

याचा अर्थ व्हिसामुळे तिथे सर्वांचे नुकसानच होते, असा मी काढत नाही. पेरी, शिह आणि स्पार्बर या अर्थतज्ज्ञांनी 1990 ते 2010 या काळातल्या अमेरिकी शहरांचा अभ्यास करून दाखवले की जिथे परदेशी तंत्रज्ञ अधिक आले, तिथे पदवीधर स्थानिकांचे वेतन वाढले. दुसरीकडे बाउंड, खन्ना आणि मोरालेस या अर्थतज्ज्ञांच्या 2017 च्या शोधनिबंधाचा निष्कर्ष असा की नव्वदच्या दशकातले स्थलांतर झाले नसते, तर 2001 मध्ये संगणक तंत्रज्ञांचे वेतन 2.6 ते 5.1 टक्के जास्त असते. ग्राहक आणि कंपन्या यांना मात्र त्या स्थलांतराचा लाभच झाला. मला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. शहराची भरभराट होते आणि त्याच शहरातल्या एका विभागातली माणसे आपली वही दुसऱ्याच्या हाती देऊन घरी जातात. 2015 मध्ये ऑर्लँडो येथे डिस्नेने सुमारे अडीचशे तंत्रज्ञांना काढले आणि त्यांतल्या अनेकांना आपल्याच जागी येणाऱ्यांना शिकवावे लागले, तेव्हा ती बातमी मी इथे, इंदूरच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून वाचली, आणि मला ते ओहायोचे गृहस्थ आठवले.

आपल्या माणसाची स्थिती काय असते, तेही सांगितले पाहिजे. नोकरी गेली तर व्हिसाधारकाच्या हाती बहुधा साठ दिवस असतात. नोकरी बदलता येते, 2000 च्या कायद्याने ते सोपेही केले. पण ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याची, प्रक्रिया नव्या मालकाकडे बरीचशी पहिल्यापासून करावी लागते, आणि कोणत्याही एका देशाला साधारण 7 टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्यामुळे भारतीयांची रांग दशकांमध्ये मोजावी लागते. असा माणूस पगारवाढ मागायला कचरतो, रविवारच्या कामाला नाही म्हणत नाही. तो स्वस्त पडतो, त्यामागे त्याचे हे अडकलेपण आहे, आणि ज्या दोरीने तो बांधला जातो तिनेच शेजारच्या टेबलावरचा स्थानिक माणूस बाहेर ओढला जातो. या दोघांना एकमेकांचे शत्रू म्हणून उभे करणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणूनच 1 लाख डॉलरच्या शुल्काने मला समाधान वाटले नाही. ते पैसे सरकारी तिजोरीत जातात. त्यांतला एक डॉलरही व्हिसाधारकाच्या पगारात किंवा काढलेल्या माणसाच्या हाती पडत नाही, आणि जे काम इथून होऊ शकते ते इकडे पाठवण्याची ओढ मात्र वाढते. (ते काम इंदूरला आले, तरी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला बहुतेक मोठ्या कंपन्यांत आजही वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच मिळतात, हेही विसरता येत नाही.) त्यापेक्षा 60,000 ची ती सवलत काढून टाकावी, मधल्या माणसाच्या पगाराखाली एकही व्हिसा देऊ नये आणि ग्रीन कार्डाची रांग मालकाच्या नव्हे, कामगाराच्या नावावर असावी. यामुळे आपल्याकडून जाणाऱ्यांची संख्या कमी होईल, हे मला मान्य आहे.

त्या पंगतीत माझी पुतणीही होती, डॅलसहून व्हिडिओ कॉलवर. या व्हिसासाठी मार्चमध्ये निघणाऱ्या लॉटरीत तिची निवड झाली होती आणि 1 ऑक्टोबरपासून व्हिसा लागू होणार होता. ती आधीपासूनच तिथे होती आणि तिचा अर्ज नवे शुल्क लागू होण्याआधीच भरला गेला होता, त्यामुळे ते तिला लागले नाही. मी तिला एवढेच म्हणालो की तुझ्या एलसीएची प्रत कंपनीकडून मागून घे, तो तुझा हक्क आहे, आणि त्यातली वेतनस्तराची ओळ वाच. आठवड्याने तिचा मेसेज आला: “काका, स्तर पहिला लिहिलाय. पण मी इथे तीन वर्षं काम करते आहे आणि नव्या मुलांना मीच शिकवते.” तिने याबद्दल एचआरला लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.