तेल चोळू नका, फ्लॅश मारू नका : मातीच्या भांड्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंवरच्या त्या मेसेजला उत्तर

सोलापूरची गड्ड्याची जत्रा जवळ आली की शोभेच्या मातीच्या वस्तू विकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. सध्या सोलापुरात फिरणारा मेसेज असा : फुलदाण्या, सुरया, नक्षीच्या कुंड्या यांचे फोटो ब्लॅक अँड व्हाइटच काढा, त्यात तडे आणि डाग दिसत नाहीत. आधी भांड्याला खोबरेल तेल चोळा, उठाव येतो. फ्लॅश समोरून मारा, सावली पडू देऊ नका. रंगीत फोटोला फिल्टर लावला तरी काम भागतं. खाली सोलापुरी चादर अंथरा. आणि शेवटी, ‘प्रत्येक कारागिरापर्यंत पोचवा’.

माझ्या मावसबहिणीपर्यंत तो पोचला. ताईने विक्रीला काढलेल्या फुलदाण्यांना खरोखरच तेल चोळलं. म्हणून आधी तेलाचंच बोलते.

झिलई नसलेली भाजलेली माती सच्छिद्र असते. माठातलं पाणी त्या छिद्रांतून पाझरतं, बाहेर त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार होतं, हे सोलापूरच्या उन्हाळ्यात कुणाला सांगायला नको. तीच छिद्रं तेलही पितात. फरक एवढाच की पाणी उडून जातं, तेल आत मुरून बसतं. ताईच्या एका फुलदाणीवर आता गळ्याभोवती काळपट पट्टा आहे, काठाखाली बोटांचे ठसे आहेत आणि बुडाकडची माती मूळच्या विटकरी रंगाची राहिली आहे. साबणाने घासून काही निघालं नाही. वरून धूळ चिकटते ती वेगळीच. पुन्हा भट्टीत घातली तर तेल जळून जाईल, पण त्याबरोबर ॲक्रिलिकने रंगवलेली वेलबुट्टीही जाईल. म्हणजे रंगवलेला नग कायमचा बिघडला. मेसेज लिहिणाऱ्याने हा प्रयोग स्वतःच्या मालावर एकदा तरी करून बघितला होता का? आणि एवढं करून फोटोत तरी काय मिळालं? तेलकट अंगावर खिडकीचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी चमकतो आणि चाकावर बोटांनी उमटलेले बारीक वळसे नेमके तिथेच दिसेनासे होतात. रंग काढून टाकल्यावर बघण्यासारखं उरतं ते हेच वळसे आणि घडण.

तडे दिसत नाहीत, हे तर धादांत खोटं. एका बाजूने तिरका उजेड पडला की केसाएवढा तडाही काळ्या रेघेसारखा उठून दिसतो, आणि लक्ष दुसरीकडे न्यायला रंगही नसतो. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेले इंग्रज विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट यांनी १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे छायाचित्रांचं पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केलं. त्यातलं तिसरंच चित्र फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या वस्तूंचं आहे. सोबत ते लिहितात की अशा संग्रहाची लेखी यादी करायला जेवढा वेळ लागेल त्याहून फारसा जास्त वेळ चित्र घ्यायला लागणार नाही, आणि उद्या चोराने वस्तू पळवल्या तर हे चित्र कोर्टात मूक साक्ष देईल. भांड्यांच्या एकरंगी फोटोकडे छायाचित्रणाच्या अगदी सुरुवातीला पुरावा म्हणून पाहिलं गेलं. आपण तोच फोटो गिऱ्हाइकापासून दोष लपवायला वापरायचा? एकदा तडा गेलेली फुलदाणी घरी गेली की तो माणूस पुन्हा आपल्या स्टॉलवर येत नाही.

फिल्टरच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. फोटो रंगीतच काढावा आणि मग काळापांढरा करावा, हे बरोबर. पण ‘एक फिल्टर लावला की झालं’ हे चूक. करड्या छटा ठरवण्याचं एक जुनं, टीव्हीच्या काळापासूनचं गणित लाल रंगाला सुमारे ३० टक्के, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन देतं. त्या हिशोबाने विटकरी पार्श्वभूमी आणि तिच्यावरची पोपटी पानं जवळजवळ एकाच करड्या छटेची होऊ शकतात. ताईच्या फोटोत झालं तेच : डोळ्यांना लखलखीत दिसणारी वेल साफ गायब. फिल्मच्या काळात यासाठी लेन्सवर लाल काच लावत. त्याने लाल उजळतो आणि हिरवा गडद होतो. आज मोबाइलवरच्या स्नॅपसीड या फोटो ॲपच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगांचे ठिपके असतात, त्यातला लाल निवडा आणि वेल परत येते का बघा. फोटो काळापांढराच साठवला असेल तर मात्र ही सोय हातातून गेली.

समोरून फ्लॅश म्हणजे गोल भांड्याची चपटी थाळी. झिलई असेल तर मध्ये पांढरा डाग, आणि त्या जागची नक्षी नंतर कशानेही परत येत नाही. सावली हा दोष नाही, गोलाई दिसते ती सावलीमुळेच. अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांनी १९१६ मध्ये साध्या वाडग्यांचा जो फोटो घेतला, तो आजही पाहिला जातो तो त्यातल्या सावल्यांसाठी. सकाळची खिडकी, तिच्यावर पांढरं धोतर किंवा सुती साडी, आणि दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला पांढरा पुठ्ठा. एवढं पुरतं.

चादरीचा अभिमान मलाही आहे, पण तिची ठळक भौमितिक नक्षी भांड्याच्या नक्षीशी भांडते. साधं करडं कापड घ्या.

घरात ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की रंग भलतेच येतात. तिथे ब्लॅक अँड व्हाइट खरंच कामाला येतं, भांड्याचा घाट तर त्यातच उत्तम दिसतो. पण गिऱ्हाईक रंगही विकत घेतं. म्हणून ग्रुपवर टाकताना सोबत दिवसाउजेडी काढलेला एक रंगीत फोटो द्या, उंची लिहा, आणि कुठे तडा किंवा टवका असेल तर त्या बाजूचाही फोटो द्या.