"बेजबाबदार" म्हणालात म्हणून हे उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा वाचली आणि खरं सांगते, फार लागलं मनाला. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते, ग्रीसमधल्या झाकिन्थोस बेटाच्या निळ्या गुहांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की "भरती-ओहोटीच्या वेळा न देता लोकांना गुहेत पोहायला पाठवणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे, रील बघून समुद्र कळत नाही". शिवाय मिलोस या दुसऱ्या ग्रीक बेटाचा दगड मी चुकीचा सांगितला, आणि सील (समुद्रातला सस्तन प्राणी) नि दरडींबद्दल काहीच लिहिलं नाही, असंही.

दगडाचं मान्य. मिलोस ज्वालामुखीतून झालेलं बेट, त्यामुळे तिथल्या क्लेफ्टिको या किनाऱ्याचे पांढरे कडे चुनखडीचे नाहीत. झाकिन्थोसचे चुनखडीचे आहेत, तेच डोक्यात होतं. लेखात दुरुस्त केलंय, थँक्यू.

पण बेजबाबदार? अहो, तिथे आपल्यासारखी भरती-ओहोटी नसतेच! देवगडला पौर्णिमा-अमावास्येला पाणी दोन-अडीच मीटर चढतं उतरतं, ग्रीसमध्ये बहुतेक ठिकाणी वीत-दीड वीत. मग कसल्या वेळा देऊ? तिथे बघायचा तो वारा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी सुटतो, आकाशात ढग नाही, लख्ख ऊन, आणि समुद्र मात्र खवळलेला. बाहेर गुडघाभर वाटणारी लाट गुहेच्या अरुंद तोंडातून आत शिरली की तिला पसरायला जागा नसते, पाणी एकदम वर चढतं, डोकं छताला लागू शकतं, आणि मागे फिरताना तेच पाणी माणसाला खडकावरून खरवडत बाहेर ओढतं. हे मला कुठल्या वेबसाईटवर वाचावं लागलं नाही.

मी देवगडची. पाठीला डबा बांधून आजोळच्या विहिरीत पोहायला शिकले, मग खाडीत, मग मामाबरोबर खडकांवर कालवं काढायला. मामा पाण्यात उतरायच्या आधी निदान दहा मिनिटं नुसता उभा राहून लाटा बघायचा, चार लहान गेल्या की एक मोठी कधी येते ते, आणि आम्हाला म्हणायचा "दर्याक पाठ दाखवू नको". एकदा मी दाखवली. कालवांनी पोटरी फाटली त्याची खूण अजून आहे, चाळीस वर्षं झाली. ज्या बाईच्या अंगावर ही खूण आहे तिला तुम्ही रीलचं सांगताय.

झाकिन्थोसला स्किनारीच्या टोकाजवळ, निळ्या गुहांपाशी, बोटवाल्याने इंजिन बंद केलं तेव्हा बाकीचे धडाधड उड्या मारत होते आणि मी बसून लाटा मोजत होते, नवरा हसत होता. मग उतरले. पाण्याखालच्या पांढऱ्या तळावरून उजेड वर येतो, पाणी लाल रंग गिळतं आणि निळा तेवढा उरतो, हात पाण्यात घातला की हातच निळा. तो क्षण मी लिहिला कारण तो मला मिळाला. मिलोसला वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर मी क्लेफ्टिको सोडून दिलं, तेही त्याच लेखात आहे, पण तुम्ही तिथपर्यंत वाचलंत असं वाटत नाही.

सीलचं म्हणाल तर ते दुर्मीळ आहेत, अलोनिसोस बेटाजवळ त्यांच्यासाठी १९९२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, पिल्लं बहुतेक शरद ऋतूत गुहांमध्ये होतात, सगळं ठाऊक आहे मला. मी जूनमध्ये गेले होते, आणि त्या गुहांत दिवसभर बोटींची ये-जा, तिथे सील कुठून येणार? दरडींचंही तसंच, झाकिन्थोसच्याच नावाजिओ किनाऱ्यावर २०१८ मध्ये कडा कोसळला ते पेपरात आलेलं आहे. एका लेखात किती कोंबायचं?

प्रश्न विचारा, चुका दाखवा, मी उत्तर देतेच. पण ते रीलचं वाक्य तुम्ही मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे. मी आजवर एकही रील केलेली नाही.